बिनढोलाची दळी

समोरच्या उतारावर काळे तुकडे दिसतात ना, त्या आमच्या दळ्या. झाडोरा तोडायचा, वाळवायचा, चैत्रात पेटवायचा आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत नाचणी पेरायची. बाकीच्या वाड्या ढोल बडवत दळी पेटवतात, म्हणजे रानातल्या जनावरांना पळायला वेळ मिळतो. आमच्या वाडीत त्या दिवशी कोणी खोकतसुद्धा नाही. पाहुणे विचारतात, कोणी मेले आहे का? मेले होते, पण त्याला फार वर्षे झाली.

तेव्हा इथेही ढोल होता, असे सांगतात. तो कमळू वाजवायचा. त्याचा नवस होता म्हणे, डोंगरदेवाने नातवंड दिले तर दळी पेटल्यापासून विझेपर्यंत ढोल थांबू देणार नाही. नात झाली, तिचे नाव चांगी. सहा वर्षे त्याने नवस पाळला.

शिकारीत जनावरे उठवायचा हाकाही त्याच ढोलावर व्हायचा. म्हणून पोर चालायला लागले की त्याला पहिली शिकवण ही, की ढोल ऐकला की असाल तिथे बसा, हलू नका. हलत्या झुडपावर बाण सुटतो. चांगी गुणी पोर, सांगितलेले ऐकणारी. मला राग येतो तो याचाच.

पिसोरी तुम्ही पाहिली नसणार. सशाहून थोडी मोठी, तोंड हरणासारखे पण शिंगे नाहीत, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, पाय बोटाएवढे बारीक. दिवसा झाडाच्या पोकळीत लपून बसते. गलका झाला की ससा पळतो, डुक्कर पळते, पिसोरी मात्र जागीच थिजते. फारच घाबरली तर पायांनी जमिनीवर भराभर ठोके देते, एवढेच.

सातव्या वर्षी चैत्रात चांगी पिसोरी बघायलाच रानात गेली होती. आईला, म्हणजे बुधीला, वाटले पोर आजोबाजवळ आहे आणि आजोबाला वाटले ती आईजवळ आहे. दळी पेटल्यावर दोघांच्या लक्षात आले. बाया हाका मारत सुटल्या. आवाज ऐकून पोर धावत येईल म्हणून कमळूने ढोल आणखी जोरात बडवला. हाका त्याखाली बुडून गेल्या.

बुधीला आधी उमगले. कधी सासऱ्यापुढे मान वर न केलेली ती बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, ढोल थांबवा. ढोल वाजतोय तवर ती हलायची नाय."

"नवस मोडंल," कमळू म्हणाला. "पोरगी देवाचीच हाय."

तिने कमरेचा विळा काढला आणि ढोलाचे कातडे फाडले.

मग आगीचा तडतडाट तेवढा उरला, आणि त्यातून ठोके ऐकू आले. बारीक, भराभर, एका जुन्या उंबराच्या खोडातून. बुधी त्या रोखाने धावली. पोकळीच्या तोंडाशी चांगी गुडघ्यांत डोके घालून बसली होती आणि तिच्या मागे आत गाभण पिसोरी. आईने हात धरला तशी पोर उठली.

"आये, तिला पण घे."

बुधीने आत हात घातला. पिसोरी आणखी आत सरकली. धग अंगाला लागत होती. बुधीने पोर खांद्यावर टाकली आणि पळाली. पाठीमागे ठोके बराच वेळ चालू होते म्हणे, मग थांबले.

चांगी जगली, नातवंडे-पतवंडे पाहून गेली. कमळूने ढोल पुन्हा मढवला नाही.

आजही दळी पेटवण्याआधी अख्खी वाडी अनवाणी, मुकाट उभी राहते. बाया एकेका पोकळ खोडाला कान लावत फिरतात. ठोके ऐकू आले तर त्या वर्षी ती दळी पेटत नाही. नाचणी नाही, घराने मजुरीला जायचे. कोणी कुरकुर करत नाही, असे मी दरवर्षी पाहुण्यांना सांगतो. ते खरे नाही. मी सकाळपासून कुरकुरतो आहे. काल आमच्या दळीतल्या खोडाला माझ्या बायकोने कान लावला, बराच वेळ तशीच वाकून राहिली, आणि माझ्याकडे न बघता तिने हातातली पेटती चूड मातीत विझवली.