उद्यापन नसलेलं व्रत

पैसे भरून सभासद जोडत जायच्या साखळी योजनेच्या सभेत कुमुदिनीवहिनी पार गोंधळल्या होत्या. भजनी मंडळातल्या बारा मैत्रिणींची नावं सभा घेणाऱ्या साहेबांना द्यावीत की नाही, काही सुचेना.

साहेब टाय सावरत म्हणाले, "ताई, हेही व्रतच समजा! तुम्ही दोघींना जोडा, त्या आणखी दोघी-दोघींना जोडतील. श्रद्धा तेवढी हवी!"

"मग उद्यापन कधी करायचं?" वहिनींनी भाबडेपणाने विचारलं.

"उद्यापन कसलं? साखळी कधी संपतच नाही!"

"अगंबाई! म्हणजे पारणं नाहीच? साहेब, आमच्या व्रतात उपास आपण करायचा आणि जेवायला दुसऱ्यांना वाढायचं. तुमच्यात मात्र उपास खालच्यांनी करायचा आणि पंगत वरच्यांची! माझ्या मैत्रिणींना असं उपाशी ठेवलं, तर कुठल्या देवाला तोंड दाखवू?"

सभागृहात हशा पिकला. साहेब मात्र घोटभर पाणी शोधत राहिले.