उंबरठ्यावरची हाक

एका राज्यात तटबंदीचं एक शहर होतं आणि त्या शहराची एक रीत होती. पानावर बसण्याआधी घरची कर्ती बाई उंबरठ्यावर उभी राही आणि विचारी, "उपाशी कोणी आहे का?" घरच्यांनी ओ द्यायची नसे. परका कोणी ओ देई, पहिला घास त्याचा. जोवर ही हाक होती, तोवर शहरात चेटूक शिरत नव्हतं.

मग युद्ध आलं. करालसेन नावाच्या मांत्रिकाने सैन्यानिशी वेढा घातला. कोठारं रिती होऊ लागली, तशी राजा अरिमर्दनाने दवंडी पिटवली, की हाक बंद. आपली उपासमार शत्रूच्या कानी जायला नको. राजा वाईट नव्हता हो, धास्तावला होता, आणि धास्तावलेल्याला शहाणपण सुचतं तेही उफराटं. हाक थांबली त्याच दिवशी करालसेनाने मंत्र टाकला, "या मातीतल्या दाण्याचा दगड होवो." झाला. विहिरींत वाळू आली, चुली विझल्या त्या पेटेनात.

राणी सुलक्षणेची एकुलती एक लेक रत्नप्रभा भुकेने अंथरुणाला खिळली. राणीचा जीव तीळतीळ तुटे. एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणी, तळ्यातल्या नागाकडून पाणी आण. वडावरच्या वेताळाकडून विस्तव आण. त्यावर दगड शिजव, बंद पडलेली हाक दे, आणि ओ देईल त्याला वाढ. एक जरी चुकलं, तरी लेक हाती लागायची नाही."

नागाने तिच्या केसांचा काळेपणा मागितला. राणीने तो दिला, घागर भरून घेतली आणि पिकल्या केसांनी पुढे निघाली. वेताळाने सावली मागितली. तीही दिली. मग मूठभर दगड, चिमूटभर मीठ घालून तिने भात रांधला. वाडगाभर झाला आणि विस्तव विझला.

लेकीला पालखीत घालून राणी वेशीवर, म्हणजे शहराच्या उंबरठ्यावर आली. दरवाजा उघडवला, हाक दिली. शहरातून कोणी ओ दिली नाही. राणी म्हणजे साऱ्या शहराची आई, तेव्हा सगळे घरचेच.

तटाबाहेरून खोल आवाज आला, "मी आहे."

तो करालसेन होता, डोळे खोल गेलेला. त्याची छावणीही त्याच मातीवर होती. त्यांच्याही दाण्याचे दगडच झाले होते.

प्रधानाने विनवलं, की भात राजकन्येच्या मुखी घालावा. तिला तो वाडगा शत्रूपुढे धरवेना.

पालखीतून रत्नप्रभा म्हणाली, "आई, हाक तू दिलीस. आता वाढ."

राणीने डोळे पुसले आणि वाढलं. करालसेन मान खाली घालून जेवला. शेवटचं शीत टिपून म्हणाला, "राणीसाहेब, तुमचं मीठ खाल्लं. आता माझा मंत्र तुमच्यावर चालायचा नाही."

त्याच क्षणी कोठारांतले दगड तडतडून फुटले आणि आत दाणा निघाला. विहिरींना पाणी आलं. राणीच्या पायांशी तिची सावली येऊन पडली. केस मात्र पांढरेच राहिले. वेढा उठला, आणि राजाने दवंडी स्वतःच्या तोंडाने मागे घेतली.

दुपारी रत्नप्रभेपुढे वाफाळता भात आला. तिने घास उचलला, खाली ठेवला, भिंतीला धरून उंबरठ्यापर्यंत गेली आणि बारीक आवाजात तिने विचारलं, "उपाशी कोणी आहे का?"

त्या दिवशी कोणीच नव्हतं. तसाच दिवस तुमच्याही गावी उगवो.