झाडावरची हाक

फार पूर्वी, रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वानरं झाडावर बसत, हरणं खाली चरत. वाघ दिसला की वानरीण खाकरे आणि हरणं पळत सुटत.

नुकतीच शिंगं फुटलेल्या एका तरण्या हरणाला हे खुपू लागलं. ते म्हणालं, “वरच्यांनी सांगायचं आणि खालच्यांनी पळायचं. वाघाचं नाव घेऊन आपल्याला धाकात ठेवतात. हरणाचं खरं हरणालाच कळतं.” वानरं उष्टी फळं अंगावर टाकत, म्हणून कळपाला ते पटलं. यापुढे फक्त हरणाचीच हाक मानायची, असं ठरलं.

एका सकाळी वानरीण तीनदा खाकरली. कळप जागचा हलला नाही. वाघाने एका हरणीचं पाडस नेलं.

“मावशी, तुझं दुःख फक्त आपल्यातल्यांनाच कळेल,” तरणं हरीण म्हणालं.

वाघ अजून जवळपास होता, तरी वानरीण झाडावरून उतरली आणि त्या हरणीच्या शेजारी येऊन बसली.

“मी ओरडले होते गं.”

“ऐकलं होतं मी. पाडस म्हणालंही, आई, पळू या ना. मी म्हटलं, थांब, ती आपल्यातली नाही.”

त्यानंतर कुणीही हाक दिली, अगदी टिटवीने दिली, तरी ती हरणी आधी पळायची. मग थोड्या अंतरावर थांबायची आणि मागून कुणी येतंय का, ते पाहत राहायची.