सात पातेली, सहा चिंध्या

घ्या पांघरुणं. आज मी रागावलेली आहे, तेव्हा गोष्टही रागाचीच मिळेल. उद्या कॅम्पला जायचं म्हणून तुम्ही दोघांनी स्वयंपाकाचं सामान भरलंत. शाबास! माझी दोन पातेली एकात एक अशी ठोकून बसवलीत की तुमच्या बाबालाही निघेनात. आणि वर मलाच म्हणता, आजी, तुझी पातेलीच जुनाट आहेत. गार्गी, हसू नकोस. शंतनू, भिंतीवरचे पाय खाली घे. ऐका आता.

एक होता राजा. तसा वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याची त्याला भारी काळजी. दसरा झाला की तो राज्याच्या सीमेवरून फेरी मारायला निघायचा. चाळीस दिवसांची फेरी, बरोबर तीनशे माणसं. रोज नवा मुक्काम, रोज नवी चूल. आणि या तीनशे तोंडांना रानात जेवायला कोण घालायचं? ठकूबाई.

ठकूबाई म्हणजे नुसती लवंगी मिरची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिच्याजवळ बांड्या नावाचा एक बैल होता, आणि तिच्या आईनं दिलेली तांब्याची सात पातेली. थोरल्यात एक माणूस मांडी घालून बसेल एवढं ते मोठं, आणि धाकट्यात एका पोराचा भात शिजेल एवढं ते लहान. ठकूबाई सामान लावायला बसली की गावातल्या बाया बघायला यायच्या. ती म्हणायची, "घरात शंभर भांडी असत्यात गं. रानात काय न्यायचं न्हाई, ते कळलं म्हंजी चूल कळली." पोळपाट नको, भाकरी हातावर थापता येते. परात नको, मोठं झाकण उलटं केलं की झाली परात. पण सांडशी मात्र दोन हव्यात, कारण एक हरवणारच. रोज लागणारं वर, कधीमधी लागणारं खाली. मीठ सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात, बैलाच्या उजव्या अंगाला. हिंग डाव्या अंगाला, गुळापासून लांब. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते हाताला लागायचं, बरं का. नाही तर तुमची ती पिशवी! चमचे मोज्यांत आणि मोजे पोह्यांत.

मग यायची पातेली. थोरल्याच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, अशी सातही एकाच्याच जागेत मावायची. आणि दर दोन पातेल्यांच्या मधे एक चिंधी. तिच्या आईच्या हिरव्या लुगड्याची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. सात पातेल्यांना चिंध्या किती? सात नाही रे, सहा. बोटं मोज. त्या कशाला, तर पातेली एकमेकांत रुतू नयेत, आतली कल्हई खरवडू नये, आणि वाटेनं खणखणाट होऊ नये.

एका वर्षी काय झालं, शेजारच्या राजानं निरोप धाडला की मी सीमेवर तुम्हांला भेटायला येतो, पंगतीला बसतो. झालं! आमच्या राजाच्या अंगात आलं. पहिल्या मुक्कामावरून सकाळी निघताना त्यानं सगळा लवाजमा नजरेखालून घातला. झेंडे झाले, घोडे झाले, आणि शेवटी आला बांड्या. त्याच्या पाठीवर पातेली, आणि पातेल्यांच्या कडेनं हिरव्या चिंध्या फडफडताहेत. निरोप घेऊन आलेला शेजारचा जासूद तिथंच उभा होता. तो फिक्कन हसला.

राजाला लाज वाटली. आणि मोठ्या माणसांना लाज वाटली की ते चिडतात, हे तुम्ही आत्ताच शिकून ठेवा.

"माझ्या छावणीत चिंध्या?" राजा ओरडला. "भिकाऱ्याचं बिऱ्हाड आहे का हे?"

ठकूबाई म्हणाली, "म्हाराज, त्या चिंध्या न्हाईत. माझ्या पातेल्यांचं अंथरूण हाय ते. काढलंत तर..."

"गप्प! आजपासून तू तोंड उघडायचं नाही. आणि चुलीजवळ यायचं नाही!"

मग राजानं स्वतःच्या हातानं सहाही चिंध्या ओढून काढल्या आणि बाभळीच्या झुडपात भिरकावल्या. पातेली नीट घट्ट बसावीत म्हणून खाली उतरवून त्यांच्यावर पाय दिला. पाय! अन्नाच्या भांड्याला पाय लावला मेल्यानं. मला तर अजूनही ही गोष्ट सांगताना कानशिलं तापतात.

ठकूबाईनं रागानं पदर खोचला. पण हुकूम तो हुकूम. तिनं मनात म्हटलं, बोलू नको म्हणतोस ना? नाही बोलत जा. ओठ मिटून ती बांड्यामागून चालायला लागली. आता बाईचं तोंड बंद केलं, तर तिचा राग जाणार कुठं? तो उतरला पातेल्यांत.

संध्याकाळी दुसरा मुक्काम पडला. चूल पेटली, डाळ निवडली, आणि पातेली सोडवायला गेले तर सुटेनात. दिवसभर वाटेचे हिसके बसून एकमेकांत रुतून बसलेली. राजानं दोन पैलवान बोलावले. एकानं थोरलं धरलं, दुसऱ्यानं धाकटं धरलं, आणि लागले ओढायला. मग पातेल्यांच्या पोटातून आवाज आला. आधी नुसतं घुर्रर्र. आणि मग स्पष्ट शब्द आले बघा:

"चिंधी गेली, आम्ही गेलो!
चिंधी आली, आम्ही आलो!
ज्यानं फेकली, त्यानं आणावी!"

पैलवान पळाले ते थेट राहुटीत जाऊन लपले. त्या रात्री तीनशे माणसांनी चणे खाल्ले आणि वर पाणी प्यायलं.

तिसऱ्या मुक्कामावर तांबटाला बोलावलं. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. त्यानं हातोडी घातली. ठण्! थोरल्याला पोचा आला, पण पातेली काही हलली नाहीत. उलट दुप्पट मोठ्यानं ओरडली, "चिंधी गेली, आम्ही गेलो!" ठकूबाईनं तो पोचा बघितला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागाचं पाणी वेगळं असतं, ते खारट नसतं, कडू असतं. पुन्हा चणे. वर गोड म्हणून गूळ वाटला, तर ठकूबाईच्या जागी आलेल्या नव्या माणसांनी तो हिंगाच्या पुडीशेजारी ठेवलेला. तीनशे माणसांनी तो तोंडात घातला आणि तीनशे माणसांनी थुंकला.

चौथ्या मुक्कामावर प्रधानजी म्हणाले, बळानं होत नाही ते युक्तीनं होतं. त्यांनी होतं नव्हतं तेवढं तेल पातेल्यांवर ओतलं आणि स्वतः ओढायला बसले. हात सटकला, प्रधानजी उताणे, पगडी चिखलात. आणि पातेली? ती तर आता हसत हसत ओरडत होती. तेलही गेलं आणि पातेलीही सुटली नाहीत.

आता राजा भडकला. पाच दिवसांवर शेजारचा राजा जेवायला येणार, आणि छावणीत एक भांडं सुटं नाही. तो म्हणाला, "भट्टी लावा! ही पातेली वितळवा आणि त्यांच्या तुताऱ्या करा. निदान वाजतील तरी मी सांगेन तेव्हा."

तांबटानं भट्टी लावली. ठकूबाईनं ते बघितलं. आईनं दिलेली पातेली, आईचं दुसरं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं. ती उठली. सरळ चालत गेली आणि पातेल्यांना घट्ट मिठी मारून बसली.

तांबटानं भाता खाली ठेवला. म्हणाला, "म्हाराज, भांडी वितळवीन. बाईसकट न्हाई वितळवणार."

आणि मग पातेली जी ओरडली! राहुट्यांचे खुंटे उपटले, घोडे दावी तोडून पळाले. आणि ती तीनशे उपाशी माणसं, तीही ओरडायला लागली, "ज्यानं फेकली, त्यानं आणावी!" पैलवान ओरडले, तांबट ओरडला, चिखल पुसत प्रधानजीसुद्धा हळूच ओरडले. भुकेल्या माणसाला राजाची भीती वाटत नाही, बाळांनो.

राजा एकटा पडला. घोडा नाही, पोटात अन्न नाही. काय करतो? निघाला पायी, मागच्या वाटेनं. दोन दिवस चालला आणि पहिल्या मुक्कामाच्या बाभळीपाशी पोचला. काट्यांत हात घालून एक चिंधी काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. हातांवर ओरखडेच ओरखडे. पाच सापडल्या. सहावी दिसेना. शोधता शोधता वर बघतो, तर एका होला पाखराचं घरटं, त्यात उघडीवाघडी दोन पिलं, आणि पिलांच्या खाली त्यानं नेऊन अंथरलेली हिरवी चिंधी. राजानं ओढायला हात वर केला. पिलांनी चोची उघडल्या. त्यांनाही भूक लागली होती. तेव्हा कुठं राजाला ठकूबाईचा शब्द आठवला. अंथरूण हाय ते. त्यानं हात खाली घेतला.

दोन दिवस परत चालून राजा छावणीत आला. तडक ठकूबाईपुढं गेला आणि पाच चिंध्या तिच्या पदरात ठेवल्या.

"ठकूबाई," तो म्हणाला, "सहावी पिलांखाली होती. नाही काढवली. चुकलो मी. बोला आता."

सात दिवसांनी ठकूबाईनं तोंड उघडलं. तुम्हांला वाटेल, काहीतरी गोड बोलली असेल. छे! ती म्हणाली, "आधी हात धुवा. मगच चुलीजवळ या."

राजानं हात धुतले. ठकूबाईनं चूल पेटवली, अख्खी चळत चुलीवर ठेवली, आणि सगळ्यांत आतल्या धाकट्यात नदीचं गार पाणी ओतलं. बाहेरून जाळ, आतून गार. बाहेरचं पातेलं तापून फुगलं, आतलं गार राहिलं. टण्! थोरलं सुटलं. मग पुन्हा ताजं गार पाणी, पुन्हा जाळ. टण्! टण्! सहा वेळा टण् झालं आणि सातही पातेली मोकळी झाली. आता ती गप्प होती.

राजा म्हणाला, "एवढं सोपं होतं? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमीच म्हनालात, बोलायचं न्हाई." ठकूबाई त्याच्याकडे न बघता डाळ धुवायला लागली. "आन सहावी चिंधी कुठाय?"

राजानं खांद्यावरचा जरीचा शेला काढला आणि फाडायला घेतला.

"जरीची तार टोचंल पातेल्याला," ठकूबाई खेकसली. "मऊ सुती पायजे. आतला सदरा फाडा."

तीनशे माणसं बघत होती. राजानं अंगरखा काढला, आतला सदरा काढला आणि टर्रकन फाडला. आणि नेमका तेव्हाच, हो, तेव्हाच शेजारचा राजा आपल्या लवाजम्यासकट येऊन ठेपला. बघतो तर काय, उघडाबंब राजा चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ फुंकतोय, तोंडाला राख. जासूद हसायला लागला. पण आमचा राजा लाजला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "बसा. डाळीला एक उकळी आली की वाढतो."

सगळे पोटभर जेवले. राजा शेवटी जेवला. जेवताना त्यानं हळूच विचारलं, "ठकूबाई, राग गेला का?"

"न्हाई," ठकूबाई म्हणाली. "पोचा तसाच हाय, रागबी तसाच ऱ्हाईल. पर तीनशे मान्सं उपाशी व्हती, त्यांच्यावर कशापायी काढायचा?" आणि तिनं त्याच्या पानात आणखी एक पळी डाळ वाढली.

फेरी पुरी झाली, सगळे सुखरूप घरी आले, सुखानं राहिले. ठकूबाई पुढं कितीतरी वर्षं बांड्यामागून चालली. सामानातल्या पाच चिंध्या हिरव्या, एक पांढरी. आणि चुलीजवळ कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही.

संपली गोष्ट. आता डोळे मिटा. सकाळी त्या दोन पातेल्यांखाली जाळ कोण धरणार? तुम्ही. गार पाणी कोण आणणार? तेही तुम्ही. राग माझा गेलेला नाही, सांगून ठेवते. पण तुमची पिशवी मी पुन्हा भरली आहे. मीठ उजव्या कप्प्यात आहे, चमचे मोज्यांतून काढलेत. आणि वर एक चिंधी घडी करून ठेवली आहे, माझ्या जुन्या लुगड्याची. मित्र हसले तरी ती फेकायची नाही. झोपा.