मधलं गवत

“...मग बाबा, पेट्रोलचं घ्यावं की बॅटरीचं?”

भानुनाथ बाबा धुनीतली राख चिमट्यानं बाजूला सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय?”

“गवत कापायचं मशीन, बाबा. मघापासून तेच विचारतोय. घरच्या लॉनसाठी.”

“हं...”

बाबांनी एक गोवरी मोडली, अर्धी निखाऱ्यावर ठेवली, अर्धी बाजूला.

दारणा नदीच्या काठावरचा हा मठ लहानसाच होता. एक समाधी, तिच्यापुढे मोकळं अंगण, अंगणात दोन पांढरे चाफे, आणि ओसरीवर ही धुनी. जयवंत गायधनी दर गुरुवारी देवळालीहून इथे सेवेला येई. कारखान्यातून तो वेळेआधीच निवृत्त झाला होता. पन्नाशी उलटली होती, पण कामाला वाघ होता. ओसरी झाडणं, आलेल्यांच्या चपला नीट लावणं, कुणाला कधी आत सोडायचं ते बघणं, सगळं तो मनापासून करी. बाबांचा आपल्यावर लोभ आहे, हे तो जाणून होता. जरा जास्तच जाणून होता.

“दोन्हींत फरक काय?” बाबांनी विचारलं.

जयवंत सरसावून बसला.

“पेट्रोलचं ताकदवान. ओलं गवत म्हणू नका, वाढलेलं म्हणू नका, कशाला ऐकत नाही. टाकीत पेट्रोल आहे तोवर चालत राहतं. पण आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात. धूर वेगळाच. दोरी ओढून ओढून खांदा जातो. वर ऑइल बदला, प्लग साफ करा.”

“आणि दुसरं?”

“बटण दाबलं की सुरू. आवाज म्हणजे टेबलफॅनएवढा. हलकं. वास नाही, धूर नाही. घरगुती कामाला तेच बरं. आता चार्जिंग संपलं की थांबावं लागतं, हे आहे. आणि पावसाळी गवतात थोडं गुदमरतं. पण ते काय...”

“तुला कुठलं हवंय?”

“मला? मला कुठलंच नको, बाबा. तुम्ही सांगाल ते.”

बाबांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“गाडीच्या डिकीत काय आहे?”

जयवंतचा चेहरा उतरला.

“बॅटरीचं आहे... दुकानदारानं दोन दिवस वापरून बघायला दिलंय. म्हटलं, तुम्हालाही आवाज ऐकवावा.”

बाबांनी चिमटा राखेत खोचला.

तेवढ्यात ओसरीच्या पायरीशी कुणीतरी खाकरलं. फेटा बांधलेला, उन्हानं रापलेला एक म्हातारा उभा होता. भगूरचा सोपान कासार.

“बाबा, एक विचारायचं होतं. जुनी विहीर खोल करू का नवीन बोअर मारू?”

बाबांच्या आधी जयवंतच उठला.

“काका, हा प्रश्न होऊन गेलाय. गेल्या गुरुवारी पांढुर्लीच्या माणसानं हेच विचारलं. बाबांनी त्याला उत्तर दिलंय.”

“मग मला बी द्या की.”

“तसं नसतं. एका प्रश्नाला इथं एकदाच उत्तर मिळतं. पुढच्यानं ते आधीच्याकडून घ्यायचं. मठाचा रिवाज आहे.”

“म्हंजे आता मी पांढुर्लीला जाऊ?”

“जावं लागेल.”

“लई लांब हाय ओ.”

“असू दे. रिवाज म्हणजे रिवाज.”

सोपानकाकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही बाबांचे कारकून का?”

जयवंतनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. हा रिवाज बाबांच्या गुरूंपासून चालत आला होता. का पडला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वयोवृद्ध गुरूंना तेच तेच बोलायला लागू नये म्हणून असेल, असं जयवंत नवीन माणसांना समजावून सांगे. बाबांनी त्याला कधी दुजोरा दिला नव्हता, की खोडूनही काढलं नव्हतं.

“बसा सावलीत,” बाबा म्हाताऱ्याला म्हणाले. “पाणी प्या. मग निघा.”

सोपानकाका फेटा सोडून ओसरीच्या टोकाला टेकले.

जयवंत पुन्हा धुनीजवळ आला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता.

“बाबा, मशीन हे निमित्त आहे. खरं सांगू का...”

“सांग.”

“तुम्हाला माहीतच आहे, आमचे दोन बंगले शेजारी शेजारी. दादाचा एक, माझा एक. मध्ये लॉन एकच. वडिलांनी लावलेलं. तेव्हापासून मशीनही एकच. एका रविवारी दादा कापायचा, पुढच्या रविवारी मी. या पावसाळ्यात ते जाम झालं. दादा म्हणाला, पेट्रोलचंच घेऊ. मी म्हणालो, बॅटरीचं. बोलता बोलता शब्द वाढला. गणपती उठल्यापासून आम्ही बोलत नाही.”

“गवत?”

“दादा कुणाचं तरी मशीन आणतो, आपल्या बाजूचं कापतो. मीही तसंच, माझ्या बाजूचं. एकदा माझ्या हातून त्याच्या बाजूची चार पाती कापली गेली, तर वहिनींकरवी निरोप आला, की आमच्या गवताला हात लावू नका. तेव्हापासून मी हातभर आधीच थांबतो. तोही थांबतो. मध्ये रान माजलंय.”

जयवंत थांबला. धुनीत गोवरीनं पेट घेतला होता. तो तिच्याकडे बघत राहिला.

“आता दादानं तिथूनच भिंत घालायची ठरवलीय. मीही म्हटलं, घाल. विटा येऊन पडल्यात. आमचा आकाशकंदील दोन्ही घरांत मिळून एक असतो, बाबा. लॉनच्या मधोमध बांबू रोवून लावतो. यंदा तो बांबू कुठं रोवायचा...”

त्यानं एक काडी उचलून धुनीत टाकली.

“म्हणून म्हटलं, तुम्ही कौल द्या. तुमचा शब्द दादा मोडणार नाही. तुम्ही एकदा बॅटरीचं म्हणालात... म्हणजे, जे काय म्हणाल ते... तर मी घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगेन. मग त्याला गप्प बसावं लागेल.”

“गप्प तर तो आत्ताही आहे.”



बाबा चिमट्याचा आधार घेत उठले.

“काढ तुझं मशीन. समाधीपुढचं गवत वाढलंय.”

जयवंतला हुरूप आला. त्यानं डिकीतून मशीन उतरवलं, दांडा सरळ केला, बॅटरी खोबणीत बसवली. खट्‌ आवाज झाला. सकाळी सेवेच्या गडबडीत अंगणाकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आता उतरल्यावर मात्र तो थबकला.

पश्चिमेकडचं अर्धं अंगण आधीच कापलेलं होतं. विळ्यानं कापल्यासारखं खालीवर नव्हे, सतरंजीसारखं एकसारखं.

“हे कुणी कापलं, बाबा?”

“आला होता एक जण.”

“अर्धंच?”

“अर्धंच. उरलेलं तू काप.”

जयवंतनं बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागलं. आवाज खरंच एवढा कमी होता की नदीवर कुणी धुणं आपटत होतं, तेही ऐकू येत राहिलं. त्यानं अभिमानानं ओसरीकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते.

पूर्वेच्या कडेनं तो सरळ गेला, वळला, परत आला. पट्टे जुळवत गेला. पूर्वेकडच्या चाफ्यापाशी आल्यावर बुंध्याभोवती वीतभर गवत सोडून मशीन गोल फिरवलं. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं. पातं झाडाच्या सालीला लागता कामा नये, झाड दुखणं बोलून दाखवत नाही, असं ते म्हणत. हाताला इतकी सवय झाली होती की सोडताना विचारही करावा लागत नसे.

ऊन कलू लागलं होतं. कापलेल्या गवताचा ओला वास अंगणभर पसरला. जयवंत सरकत सरकत मधोमध आला आणि त्यानं बटण सोडलं. मशीन शांत झालं.

“झालं, बाबा.”

बाबा पायऱ्या उतरून आले. अंगणाच्या मधोमध, समाधीपासून फाटकापर्यंत, गवताचा हातभर रुंदीचा एक पट्टा उभाच होता. पलीकडे कापलेलं, अलीकडे कापलेलं. बाबा त्या पट्ट्यापाशी आले. एक पाय त्यांनी पलीकडे टाकला, एक अलीकडेच ठेवला, आणि तसेच उभे राहिले. गवताची टोकं त्यांच्या पोटऱ्यांना लागत होती.

“बॅटरी संपली?”

“नाही. आहे अजून.”

“मशीन गुदमरलं?”

“नाही, बाबा.”

“मग थांबलास का?”

जयवंतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

...

इथे कुणाची बाजू नव्हती. कुणाचा निरोप येणार नव्हता. अंगण मठाचं होतं, सगळं त्यानंच कापायचं होतं. आणि तरीही त्याचे हात बरोबर हातभर आधी थांबले होते.

त्याची नजर त्या पट्ट्यावरून पलीकडे गेली. जो कुणी आधी येऊन गेला होता, तोही असाच थांबला होता. पूर्ण अंगण समोर पडलं असताना.

मग त्याला पश्चिमेकडचा चाफा दिसला. त्याच्या बुंध्याभोवतीही गवताचं एक कडं होतं. वीतभर. गोल.

जयवंत मशीन तिथंच सोडून त्या झाडापाशी गेला. खाली बसला. त्या कड्यावरून त्यानं तळहात फिरवला. जवळच मातीवर ऑइलचा एक काळा थेंब वाळला होता.

तो न वळताच बोलला.

“दादा आला होता?”

“काल.”

“मशीन घेऊन?”

“हो. मोठा आवाज होता. तू म्हणालास तसा.”

“काय... काय विचारलं त्यानं?”

“तू विचारलंस तेच.”

जयवंत वळला. त्याचा चेहरा पडला होता. पण डोळ्यांत लहान मुलाची घाई होती.

“मग तुम्ही काय सांगितलंत त्याला? पेट्रोलचं? बाबा, काय सांगितलंत?”

बाबांनी पलीकडचा पाय उचलून अलीकडे घेतला. ते ओसरीकडे चालू लागले.

“बाबा...”

ओसरीच्या टोकाला सोपानकाका उठून फेटा बांधत होते. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं, तांब्या जागेवर पालथा ठेवला, समाधीला हात जोडले. जाता जाता जयवंतपाशी ते क्षणभर थांबले. त्यांच्या बोलण्यात आता टोमणा नव्हता.

“निघतो भाऊ. पांढुर्ली लांब हाय. तुमचं बरंय, शेजारीच जायचंय.”

फाटक वाजलं. नदीवरचं धुणं केव्हाच थांबलं होतं.

जयवंत पट्ट्यापाशी परत आला. त्यानं मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. बटणावर अंगठाही ठेवला. दाबला नाही. थोड्या वेळानं त्यानं बॅटरी काढली, दांडा दुमडला आणि ते मशीन गाडीत नेऊन ठेवलं. मधलं गवत तसंच राहिलं.

मग तो ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. दर गुरुवारी इतरांना जिथं उभं करायचा, तिथंच.

“बाबा, आम्ही बोलत नाही.”

“सांगितलंस मघाशी.”

“तो दार तरी उघडेल का, तेही मला ठाऊक नाही...”

बाबांनी बाजूला ठेवलेली अर्धी गोवरी उचलली आणि धुनीवर ठेवली. धूर सरळ वर गेला.

“उद्या सकाळी गवंडी येणार आहे, बाबा.”

“मग आजच विचार.”