वडाने अडवलेलं दार

राजेरजवाडे होते, त्या काळची ही गोष्ट. राजधानीच्या वेशीबाहेर नवी वस्ती झाली. तिथं रखमाजीने टुमदार घर बांधलं. राजाच्या डोक्यावर छत्री धरायची त्याची नोकरी. स्वतः मात्र दिवसभर उन्हात.

"आता मलाही सावली हवी," म्हणत त्याने वडाचं रोप आणलं नि थेट दाराशी लावलं. शेजारी फणस, फणसाला खेटून आंबा.

बायको साळूबाई लेकीचा पाळणा हलवत म्हणाली, "अहो, वड केवढा होतो ठाऊक आहे ना? जरा लांब लावा की."

"अगं, वीतभर तर रोप आहे! लांब लावलं तर दिसणारसुद्धा नाही."

रोपं वाढली, लेक मैनाही वाढली. वडाच्या मुळांनी आधी ओटा उचलला, मग उंबरा. आंब्याला ऊन मिळेना, मोहर येईना. पापड वाळवायला साळूबाई शेजारणीकडे जाऊ लागली. शेवटी दारच असं अडकलं, की उघडेना.

"खिडकी आहे की!" रखमाजी म्हणाला. घरची माणसं खिडकीतून ये-जा करू लागली.

एक दिवस मैनाला पाहायला पाहुणे आले. मुलगा खिडकीतून अलगद आत उतरला. त्याचे वडील चांगले भारदस्त. ते मध्येच अडकले. आतून रखमाजी हात ओढतोय, बाहेरून त्यांची बायको पाय ओढतेय.

"अहो, आधी ठरवा, मी आत यायचं की बाहेर जायचं!" ते ओरडले.

तेवढ्यात कौलांवर धाडकन फणस पडला. पाहुणे दचकले नि झटक्यात सुटले, पण बाहेरच्या बाजूला.

रडवेल्या मैनाने गूळपाणी खिडकीतूनच पुढे केलं. धूळ झटकत ते हसले. "मुलगी पसंत आहे. लग्न मात्र आमच्या अंगणात!"

पाहुणे गेल्यावर रखमाजीने कुऱ्हाड उचलली. साळूबाई आडवी आली. "त्याचा काय दोष? वडच तो, वाढणारच. शिवाय फांदीफांदीवर घरटी आहेत."

मग घरच हलवावं लागलं. वासे, कौलं उतरवून रखमाजीने वस्तीच्या टोकाला नवा संसार मांडला. या वेळी तो आधी दुसऱ्याच्या एका मोठ्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला. फांद्या कुठवर पोचतात ते पाहिलं. मगच घरापासून आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून तेवढं अंतर सोडून आंबा लावला. स्वयंपाकघराशी फक्त कढीपत्ता.

तर लहानथोर मंडळी, रोप हाती आलं, की वाढलेलं झाड डोळ्यांपुढे आणावं, आणि मगच खड्डा खणावा.