बेटाचं ते बेटाला

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात भिवा नावाचा एक भोळा घरजावई होता. भोळा हा त्याच्या बायकोचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं.

समोर समुद्रात एक बेट होतं. वर जंगल, चढायला पायवाट, तंबू ठोकायला मोकळी जागा. होडीशिवाय तिथे जायची सोय नाही, आणि प्यायचं पाणीसुद्धा सोबत न्यावं लागायचं. भिवाचे सासरे जनू तांडेल हौशी मंडळींना होडीने तिकडे न्यायचे. आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ते म्हणाले, "जावईबापू, या खेपेला मी नुसता बसून बघणार. खेप नीट झाली तर होडी तुमची. नाहीतर ती मी पुतण्याला देऊन टाकीन."

भिवाची बायको शेवंती घाबरली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमचं डोकं चालवू नका. बाबा सांगतील तेच करा."

इथेच सगळं बुडालं.

होडीत पुण्याचे बर्वे आणि बर्वेबाई होत्या. तांडेल वाटभर सांगत होते, "मी त्या बेटावरचाच बरं का. जन्म तिथला माझा. लहानपणी मला इकडे उचलून आणलं." तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर बर्व्यांनी जांभई दिली. भिवा मात्र कान देऊन ऐकत होता.

बेट आलं तेव्हा भरती होती. भिवाने होडी धक्क्याच्या खुंटाला आखूड दोराने करकचून बांधली. ओहोटी लागली, पाणी खाली गेलं आणि होडी नाकावर लटकली. बर्वेबाईंचा जेवणाचा डबा चिखलात गेला.

"जावईबापू, पाणी चढतं-उतरतं. दोराला ढील ठेवावी. सैल बांधावं."

"बरं, मामा."

मग भिवाने तंबू बांधला. छान सैल बांधला. वारा सुटला आणि तंबू उडून करवंदीच्या जाळीत गेला. आत बर्वे होते.

"अहो जावई, वारा दिसत नाही का? घट्ट बांधायचं आणि वर दगड ठेवायचा."

"बरं, मामा."

डोंगर चढताना बर्वेबाईंची टोपी वाऱ्याने उडायला लागली. भिवा धावला. त्याने टोपीच्या नाड्या हनुवटीखाली घट्ट बांधल्या आणि वर दगड ठेवला. चांगला नारळाएवढा. बाई मटकन खाली बसल्या.

"अरे भिवा," तांडेल म्हणाले. हाकेतला 'बापू' केव्हाच गेला होता, आता 'जावई'ही गेला. "चढावर माणसाचं ओझं वाढवतात का? कमी करायचं असतं."

"बरं, मामा."

माथ्यावर पोचल्यावर बर्व्यांनी पाणी मागितलं. कॅन रिकामा होता. भिवाने खालच्या वळणावरच सगळं ओझं ओतून टाकलं होतं. दोन दिवसांचं पाणी झुडपांना घालून हा गडी वर शीळ घालत आला होता.

मुक्काम बारगळला. सगळे कोरड्या घशाने खाली उतरले. किनाऱ्यावर बर्वेबाईंनी एक शंख उचलला. तांडेल आधीच तापलेले, ते बाईंवर घसरले. "ठेवा तो. बेटावरचं काही होडीतून न्यायचं नाही."

भिवाने विचारलं, "आणि कुणी पूर्वीच उचलून नेलं असेल तर?"

"तर आणून ठेवायचं. बेटाचं ते बेटाला."

"कितीही जुनं असलं तरी?"

"कितीही जुनं असलं तरी. आता बस होडीत, गाढवा, आणि दोर सोड. मी सामान बघून आलोच."

भिवा बसला. बर्वे मंडळी बसली. भिवाने दोराचं होडीकडचं टोक सोडलं, वल्हं मारलं आणि निघाला. मागून तांडेल ओरडत होते. त्यांच्या तोंडचे शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत. बर्वेबाई म्हणाल्या, "ते नाही येत?" बर्वे म्हणाले, "अगं, ते तिथलेच. तीनदा सांगितलं त्यांनी." एवढा शिकलेला माणूस.

गावचा किनारा आला. बर्वे पती-पत्नी धडपडत पाण्याच्या हंड्याकडे पळाले. शेवंती वाट बघत उभी होती. जीव मुठीत धरून तिने विचारलं, "झाली का होडी आपली?"

"बहुतेक. शेवटचं काम अगदी बिनचूक केलं."

"आणि बाबा कुठे आहेत?"

"जिथले होते तिथे ठेवून आलो," भिवा म्हणाला. "इतकी वर्षं तुम्ही लोकांनी त्यांना इकडे आणून ठेवलं होतं. बरं दिसतं का ते?"

शेवंतीने कपाळावर हात मारला. "अहो, तिकडे प्यायला पाणी नाही. बसा होडीत आणि आधी त्यांना घेऊन या."

भिवाने मागे वळून पाहिलं. होडी बांधलेली नव्हती. बांधणार कशाने? दोर बेटावरच्या खुंटाला होता. पुन्हा ओहोटी लागली होती आणि रिकामी होडी संथपणे बेटाच्या दिशेने चालली होती.

भिवाचा चेहरा उजळला.

"बघ," तो म्हणाला, "होडीला कळतं. मला जायलाच नको." आणि तो हातपाय धुऊन जेवायला बसला.